स्फाक्स, एकच जागा!

...नाही नाही, दार उघडंच राहू द्या. दार लावलं की लांबून येणाऱ्याला वाटतं गाडी भरली, मग तो पलीकडे हातिमच्या गाडीत जाऊन बसतो, आणि तुम्ही पुन्हा माझ्याच नावाने बोटं मोडणार, लझहरकाका किती वेळ, लझहरकाका अजून किती वेळ! थंडी आहे, मान्य. तास झाला, तेही मान्य. सात जण बसलात, एक जागा रिकामी आहे, आणि आठवा माणूस आल्याशिवाय गाडी हलत नाही. हा नियम काय मी केलाय? माझ्या बापाच्या गाडीलाही हाच नियम होता, आणि देशातल्या झाडून सगळ्या लुआज गाड्यांना आजही हाच आहे... बाई, ती कोंबडी जरा पायाशी घ्या, साहेबांच्या फायलीवर चोच मारतेय.

काय म्हणालात साहेब? तुमच्याकडे राजधानीत बस वेळेवर सुटते, माणूस असो नसो? सुटणारच! तिथे रिकाम्या जागेचं भाडं सरकार भरतं. आमच्या बीर सिद्रात ते कोण भरणार? एकतर मी, नाहीतर तुम्ही सात जण. तुम्हाला सांगतो, या एका गोष्टीत सगळं आलं, पण तुम्ही फरशा विकायला आलात, तुम्हाला काय त्याचं... विकल्या गेल्या का? नाही ना? इथे घर बांधतंय कोण फरशा घ्यायला! बरं, आठवा येईपर्यंत ऐका. नाहीतरी जाणार कुठे आहात?

ती समोरची पिवळी इमारत दिसते का? तो आमचा दवाखाना. बारा वर्षांपूर्वी तिथे डॉक्टर मुनीर होता, बायकांचा डॉक्टर. ऑपरेशन करायचा. हसायचा कधी नाही, पण त्याच्या हातून बाई दगावली असं मी तरी ऐकलं नाही. तर सरकारने काय ठेवलं होतं, एक डॉक्टर, एक भूल देणारा आणि दोन सुईणी. चार पगार. मोजून चार! आणि त्या चार पगारांवर या चौकात काय काय उभं होतं, विचारा. दवाखान्यासमोर दोन औषधवाले, कारण चिठ्ठी मिळाली की औषध लागतं. त्यांच्या शेजारी भाजक्या कोंबडीवाला हेदी, कारण बाळंतिणीच्या माणसांना भूक लागते. त्याच्या शेजारी शाझलियामावशी, झरीरवाली. तीळ, बदाम, मध, लोणी कुटून ती अशी झरीर करायची की बाळ बघायला आलेला पाहुणा बाळ विसरून वाटी चाटत बसायचा. मग फोटोवाला, मग चार खोल्यांचं लॉज, लॉजमुळे धोबी, आणि धोब्यामुळे साबण विकणारा माझा मेहुणा. त्याला काडीची अक्कल नव्हती, तरी त्याचं दुकान चालायचं, आता बोला!

मग मुनीरची बदली झाली. त्याच्या जागी आज येईल माणूस, उद्या येईल... आला नाही. डॉक्टर नाही तर भूल कुणाला देणार, म्हणून भूलवाला गेला, त्याच्या मागोमाग एक सुईण गेली. चिठ्ठी नाही म्हणून एक औषधवाला गेला. हेदीने शेगडी विकली. शाझलियामावशी वर्षभर त्याच त्या बरण्या पुसत बसली आणि एका सकाळी मुलाकडे निघून गेली. माझ्याच गाडीतून गेली, या पुढच्या सीटवर, मांडीवर एक रिकामी बरणी घेऊन. कुणी कुणाला हाकललं नाही हो. चारांतले तीन पगार काढले आणि चाळीस चुली आपोआप विझल्या.

आणि माझं काय झालं? खरं सांगू? माझं बरं झालं. डॉक्टर तिकडे किनाऱ्यावर, स्फाक्सला, म्हणजे पोटुशी बाई स्फाक्सला, आणि ती काय एकटी जाते? तिची आई, तिची सासू, दोघींची भांडणं सोडवायला नवरा. एका बाळंतपणात चार जागा भरायच्या! अर्ध्या तासात गाडी सुटायची. मी ओरडायचो, स्फाक्स, स्फाक्स, एकच जागा! गाव रिकामं होत गेलं आणि माझी गाडी भरत गेली, आणि बारा वर्षांत या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नाहीत. पोट भरलेलं असलं की माणसाला कमी दिसतं.

पण थांबा, सगळं खापर सरकारच्या माथी मारू नका. आम्ही काय कमी शहाणे? मुनीर होता, ऑपरेशनची खोली होती, तेव्हासुद्धा माझ्यासारखे दीडशहाणे बायकोला बाळंतपणाला स्फाक्सलाच न्यायचे. कशासाठी? कार्डासाठी! ओळखपत्रावर जन्मस्थळ बीर सिद्रा असलं की किनाऱ्यावरचा साहेब आधी कार्डाकडे बघतो, मग तुमच्याकडे बघतो, मग खिडकीबाहेर बघतो आणि म्हणतो, "कळवतो." आणि स्फाक्स असलं की म्हणतो, "बसा." म्हणून सत्तावीस... नाही, तीस वर्षं झाली, थोरल्याच्या वेळी मी मबरूकाला दिवस भरायच्या आधी गाडीत घातलं. सगळ्या वाटेने ती बोलत होती. "इथे दवाखाना आहे, डॉक्टर आहे, माझी आई आहे, आणि तुम्ही मला दोन तास हिंदकळवत नेताय, कशासाठी, तर कागदावरच्या एका शब्दासाठी." मी म्हटलं, शब्द नाही गं, पोराचं नशीब आहे.

तर पोरगा झाला, कार्डावर स्फाक्स. मोठा होऊन मुलाखतीला गेला. साहेबाने कार्ड बघितलं, खूश झाला, म्हणाला, कुठल्या गल्लीतला रे तू? पोराने तोंड उघडलं आणि अख्खं बीर सिद्रा बाहेर आलं, आमची बोलीच तशी. साहेब म्हणाला, "कळवतो!" पुढे लागली नोकरी दुसरीकडे, लागली नाही असं नाही. आता तो स्फाक्सचाच. ईदला येतो, दोन दिवस राहतो आणि म्हणतो, बाबा, इथल्या पाण्याला चव नाही. अरे, तुझ्या नळाला येतं ते पाणी आमच्याच विहिरींतून जातं की! पण जाऊ दे. बापानेच कागदावर दुसऱ्याचा करून ठेवलेला पोरगा, तो दुसऱ्याचा झाला तर रडायचं कुणी?

धाकटी नजला, तिला मात्र दम नव्हता. ऑलिव्हची काढणी चालली होती, तिची आई झाडाखाली ताडपत्री पसरत होती आणि तिथेच कळा सुरू. कुठलं स्फाक्स न् कुठलं काय, या पिवळ्या इमारतीत आणली आणि तासाभरात मोकळी. नजलाच्या कार्डावर बीर सिद्रा. मी कितीतरी वर्षं त्या कार्डाकडे बघून हळहळायचो, पोरीचं नुकसान झालं म्हणून. आणि तुम्हाला सांगतो, दोघांतली हीच राहिली. शिकली, परत आली, नगरपालिकेत जन्म-मृत्यूची नोंद करायला बसली, इथल्याच मास्तराशी लग्न केलं.

...काय? हो, येईल हो आठवा. हातिमकडे पाचच आहेत, मी बघितलं. आठवा माणूस आल्याशिवाय गाडी हलत नाही, म्हणून चिडून कसं चालेल.

तर गेल्या वसंतात राजधानीहून एक साहेब आले. चांगले होते, खोटं कशाला बोलू. नगरपालिकेच्या सभागृहात पडदा लावला, पडद्यावर उभे-उभे पट्टे. किनाऱ्याचे पट्टे छताला लागलेले, आमचा पट्टा असा, जमिनीवर कुणी चप्पल विसरावी तसा. साहेब म्हणाले, बंधूंनो, पैसा थोडा आहे, तो जिथे मागणी आहे तिथे घालावा लागतो. तुमच्या प्रसूतिगृहात गेल्या वर्षी जन्म एकोणीस. वर्षाला पन्नास झाले नाहीत, तर डिसेंबरअखेर प्रसूतिगृह बंद आणि सुईणीची बदली.

मी उठलो. मबरूका माझी बाही ओढत होती. मी म्हटलं, साहेब, मी लुआज चालवतो. आठवा माणूस आल्याशिवाय माझी गाडी हलत नाही, तशी तुमचीही हलत नाही, समजलं. पण आमच्यात आणखी एक रीत आहे. फार वेळ झाला आणि आठवा येईना, की बसलेले सात जण आठव्याचं भाडं वाटून घेतात आणि म्हणतात, चल रे लझहर. मग मी रिकामी जागा घेऊन निघतो. आणि चाळीस वर्षांत एकदाही असं झालं नाही की वाटेत, चाळीस किलोमीटरवर, वीस किलोमीटरवर, कुणी हात केला नाही. जागा आहे म्हटल्यावर माणूस मिळतो, साहेब. स्टँडवर बसून मिळत नाही. मुनीर आधी आला, मग हेदीने शेगडी मांडली. शेगडी बघून मुनीर आला नव्हता.

साहेब हसले. म्हणाले, "फार छान बोलता तुम्ही." आणि वहीत लिहून घेतलं, खरंच लिहून घेतलं, मी बघितलं. मग चहा घेतला आणि गेले.

त्या संध्याकाळी नजला नोंदवह्या घेऊन घरी आली. कायद्याने आणायच्या नसतात, पण आणल्या. जेवायच्या मेजावर दोन्ही ठेवल्या. एक जाड, एक इतकीशी. मी म्हटलं, ही जाड कसली? ती म्हणाली, मृत्यूची. कारण मरायला आणि पुरायला माणूस परत इथेच येतो, ते मी इथे लिहिते, आणि जन्म तिकडे होतो, तो तिकडे लिहितात. "बाबा, कागदावर आपल्या गावात कुणी जन्मत नाही. नुसती मरतात." मी म्हटलं, सरकारचं डोकं फिरलंय. तिने जन्माची ती पातळ वही माझ्यापुढे सरकवली. "यातली कोरी पानं सरकारची नाहीत बाबा. ती तुमच्या गाडीची आहेत."

चाळीस वर्षं मी रस्त्यावर शिव्या खाल्ल्यात, पोलिसांच्या खाल्ल्यात, बायकोच्या तर रोजच्या. पण ते वाक्य जसं लागलं तसं काही लागलं नाही. मी उठून बाहेर गेलो आणि गाडी धुतली. धुतलेलीच होती.

आणि दुसऱ्या दिवसापासून मी वेडा झालो, हे जे गावात तुम्हाला सांगतील ना, ते खरं आहे! मी पोटुशा बायकांना गाडीत घेईना. पोट दिसलं की म्हणायचो, जागा नाही. बाई म्हणायची, अहो काका, गाडी रिकामी आहे. मी म्हणायचो, ते सात जण चहाला गेलेत. एकजण पांढऱ्या सफ्सारीत आपादमस्तक गुंडाळून बसली, पोटावर टोपली धरलेली, मी म्हटलं, टोपलीत काय आहे? म्हणाली, कलिंगड. ऑक्टोबरात! तिची सासू मला म्हणाली, तुला काय करायचंय रे मेल्या, तू ड्रायव्हर आहेस की सुईण? शेवटी त्या हातिमच्या गाडीतून गेल्या. माझा धंदा बसला, आणि आकडा हलला नाही. मी असाच, मनात चांगलं आणि हातून घोळ.

आकडा हलवला तो नजलाने आणि दलेंदाने. दलेंदा म्हणजे दोन सुईणींतली उरलेली एक. मूळची स्फाक्सचीच, बावीस वर्षांपूर्वी तिला शिक्षा म्हणून आमच्याकडे पाठवलं आणि शिक्षा संपल्यावर ती परत गेलीच नाही. एकटी राहते, दवाखान्यामागे दोन खोल्या, दारात पुदिना. या दोघी घरोघर गेल्या. नजला स्वतः पोटुशी, पाचवा महिना, दम लागायचा, पण प्रत्येक उंबऱ्यावर बसायची. मुलाचं कार्ड खराब होईल म्हणणाऱ्या बाईपुढे आपलं कार्ड ठेवायची आणि म्हणायची, "माझ्यावर हेच लिहिलंय. मी काय उपाशी मरते?" दलेंदा म्हणायची, ज्या बाळंतपणात धोका दिसेल ते मी स्वतः स्फाक्सला पाठवीन, तुमच्या जिवाशी मी खेळणार नाही, पण साधं सरळ आहे ते इथे होऊ द्या.

आणि झाली हो! उन्हाळ्यात सत्तावीस, ऑक्टोबरात छत्तीस, डिसेंबरच्या मध्याला सत्तेचाळीस. हेदीने, ज्याने शेगडी विकली होती, त्याने कुठून तरी शेगडी पैदा केली आणि दवाखान्यासमोर पुन्हा धूर केला. माझ्या मेहुण्याने साबण मागवला, आता बोला! पंचवीस डिसेंबरला अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास, जुळं! सबंध गाव रस्त्यावर. आणि पन्नासावं कोण, तर नजलाचं. सगळ्यांना ठाऊक होतं. बाजारात माणसं माझ्या पोरीच्या पोटाकडे आमदाराकडे बघावं तशी बघायची.

एकोणतीस डिसेंबर. दुपारचे दोन. हीच गाडी, हीच जागा, सात जण बसलेले, आठवा यायचा, मी हातात खायचा फ्रिकासे पाव घेऊन ओरडतोय, आणि दवाखान्याच्या दारातून दलेंदा धावत येताना दिसली. बावीस वर्षांत मी तिला कधी धावताना बघितलं नव्हतं. म्हणाली, मूल आडवं आहे. पंधरा दिवस आडवं होतं, वळेल वाटलं होतं, वळलं नाही, आणि कळा सुरू झाल्यात. पोट उघडावं लागेल. रुग्णवाहिका एकच, ती सकाळीच दुसऱ्याला घेऊन गेलेली. "लझहरभाऊ, गाडी काढा."

आत गेलो. नजला खाटेची कड धरून बसलेली. मला बघितलं आणि तिला समजलं. म्हणाली, "मी जाणार नाही. बाबा, मी गेले तर पन्नास होत नाहीत." मी म्हटलं, दलेंदा काय म्हणते ऐकलंस ना? म्हणाली, ऐकलं. "सगळ्यांच्या दारात जाऊन मी सांगितलं, इथेच बाळंत व्हा. आणि मीच स्फाक्सला जाऊ?"

सरकारला सांगायला माझ्याकडे भाषण होतं, पोरीला सांगायला एकच वाक्य होतं. मी म्हटलं, "नजला, तुझ्या त्या जाड वहीत मला तुझं नाव नकोय." आणि उचलली. लहानपणी उचलायचो तशी नाही, जड झाली होती, माझी कंबर आता ती नाही, पण उचलली.

गाडीपाशी आलो तर सातही जण आधीच खाली उतरलेले. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी सातपासून बसलेला एक म्हातारा होता, डोळ्यांच्या ऑपरेशनला निघालेला, कित्येक महिन्यांनी तारीख मिळालेली. त्याने अंगावरची लोकरीची कशाबिया काढली, मागच्या बाकावर पसरली आणि बाजूला झाला, त्या थंडीत नुसत्या सदऱ्यावर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझी गाडी आठव्यावाचून आणि आठव्याच्या भाड्यावाचून हलली, आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही.

मागे नजला, दलेंदा, मबरूका. मी पुढे एकटा. रस्ता तुम्ही बघणारच आहात, खड्डा चुकवला तर दुसऱ्यात जातो. प्रत्येक कळेनंतर नजला विचारायची, "बाबा, आपल्या हद्दीचा फलक गेला का?" तिला वाटत होतं, कसंही करून अलीकडे झालं तर आपल्यात धरतील. मी म्हणायचो, नाही अजून. फलक मागे पडून अर्धा तास झाला होता. मबरूकाला माहीत होतं, दलेंदाला माहीत होतं. मी आरशात बघत नव्हतो, कारण मी रडत होतो आणि ड्रायव्हरने रडताना दिसू नये, प्रवासी घाबरतात.

दोन तासांचा रस्ता दीड तासात. पाचला मुलगी झाली. दोघी सुखरूप. देवाची कृपा आणि त्या तिकडच्या डॉक्टरांचे उपकार, त्यांचा काही दोष नाही, त्यांनी चहा पाजला मला. नोंदीला जावई गेला. जन्मस्थळाच्या रकान्यात स्फाक्स लिहिलं, ते कायद्याने लिहावंच लागतं. नाव काय म्हणून विचारलं. नजलाने आधीच सांगून ठेवलं होतं, सिद्रा. गावाचं नाव त्या रकान्यात बसत नव्हतं, ते तिने या रकान्यात बसवलं.

तर आकडा एकोणपन्नास. मी गेलो हो साहेबांच्या कचेरीत, सोडतोय का! म्हटलं, साहेब, ही बाई इथली, नऊ महिने इथले, कळा इथे सुरू झाल्या, सुईण इथली सोबत होती, गाडीसुद्धा इथली, फक्त शेवटचा तास तिकडचा. धरा ना आमच्यात. तिथला कारकून, पोरगेलासा, त्याने खरंच सगळे कागद उलटसुलट करून बघितले. मग म्हणाला, "काका, जन्माचा रकाना आहे. कळांचा रकाना नाही."

कळांचा रकाना नाही! घरी येईपर्यंत मी ते वाक्य म्हणत होतो. चाळीस वर्षं या गावाने नुसत्या कळा दिल्या, पोरं सगळी दुसऱ्याच्या नावावर... जाऊ दे.

पण मी गप्प बसलेलो नाही, हां! आम्ही अर्ज केलाय. अकराशे सह्या. पहिली हेदीची, दुसरी माझ्या मेहुण्याची, त्याने नाव चुकीच्या ठिकाणी लिहिलं पण लिहिलं. अर्जात काय म्हटलंय, तर दलेंदाचा पगार आम्ही गाव वाटून घेतो. घरटी महिन्याला एक दिनार. सात जण आठव्याचं भाडं वाटून घेतात तसं. तुम्ही फक्त तिला राहू द्या, बाकी कायदा वगैरे तुम्ही बघा. उत्तर यायचंय. आणि उत्तर येईपर्यंत दलेंदा इथे आहे ना! ती आहे तोवर दवाखान्याचं दार उघडं आहे, दार उघडं आहे तोवर हेदीची शेगडी आहे. परवाच म्हणाली, महिनाअखेरपर्यंत आहे हो मी, घाबरू नका. महिनाभरात काहीही होऊ शकतं. दार उघडं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं, म्हणून तर मघाशी तुम्हाला म्हटलं, दार लावू नका...

थांबा. ते कोण येतंय? दवाखान्याकडून. हातात पेटी आहे... बघा, म्हटलं होतं ना, येईल आठवा! स्फाक्स, स्फाक्स, एकच जा...

...दलेंदा?

...नाही, या. या ना. पेटी इकडे द्या, वर बांधतो. ही कुंडी पण? पुदिन्याची? ती मांडीवर घ्या, वर सांडेल... उत्तर आलं? कधी, सकाळी? काय म्हणाले? ...गावाने पगार द्यायची तरतूद नाही. बरं. आणि आज दुपारीच स्फाक्सला हजर व्हायचंय. घराजवळची बदली म्हणून अभिनंदनही केलंय? वा. नजलाला भेटलात? ...भेटलात. बरं केलंत.

अहो ठेवा ते पैसे, तुमच्याकडून मी भाडं घेणार का? लाजवू नका. ...काय? पावती?

ऐकलंत का मंडळी? पावती हवी म्हणतात. बदलीचा प्रवासखर्च सरकार देतं. पगार सोडला, तर बारा वर्षांत बीर सिद्राच्या दवाखान्यावर सरकारने केलेला हा पहिला खर्च, आणि तो माझ्या हातात आला.

देतो पावती. साहेब, जरा पेन द्या तुमचं. आणि आता ते दार लावून घ्या. आठवा माणूस आला.